सोमवारी अर्धा तास

१

मी वेबसाइटी सांभाळते. बनवत नाही. बनवणारे बनवून मोकळे होतात आणि मग दहा-दहा वर्षं कुणाला तरी त्यांच्यामागे झाडू घेऊन फिरावं लागतं. ते काम माझ्याकडे असतं.

वेबसाइटचं पान तुम्हाला दिसतं, त्याच्या मागे मजकुराची एक लांबलचक थप्पी असते. तिला सोर्स कोड म्हणतात. त्यात मधूनमधून आम्ही माणसांसाठी चार शब्द लिहून ठेवतो, त्याला म्हणायचं कॉमेंट. आधी एक खूण, मग तुमचे शब्द, शेवटी बंद करायची खूण. या दोन खुणांमधलं काहीही यंत्र मनावर घेत नाही आणि पानावर दाखवत नाही. ते फक्त आपल्या मागून येणाऱ्या माणसासाठी असतं. 'इथे हात लावू नका', 'ही ओळ मुद्दाम वाकडी ठेवली आहे', असलं काहीबाही. मला शिकवणाऱ्या बाईंचा एकच हेका असायचा. काय केलं ते कॉमेंटमध्ये लिहू नका, ते दिसतंच आहे. का केलं ते लिहा.

कॉमेंटचा आणखी एक उपयोग आहे, जरा आळशी. पानावरचा एखादा भाग नकोसा झाला पण पुसायला हात धजत नाही, तर त्याच्या आधी एक खूण घालायची आणि नंतर एक. भाग जागच्या जागी राहतो, फक्त दिसेनासा होतो. आम्ही त्याला झाकणं म्हणतो.

दोन महिन्यांपूर्वी कानाच्या एका दवाखान्याची साइट माझ्याकडे आली. आधी ती एक वयस्कर गृहस्थ एकटे सांभाळायचे. तिथे त्यांना सगळे जुने सर म्हणत. त्यांनी मला तासाभरात सगळं नीट समजावून दिलं. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "वेळा नोंदवायच्या पानावर एक भाग झाकलेला आहे. तो पुसू नका. आणि दर सोमवारी…"

"दर सोमवारी काय, सर?"

"राहू दे. तुम्ही हसाल."

मी तो भाग पाहिला. वर लिहिलं होतं, 'खोली चार. पुसू नये.' त्याखाली तारखा, सगळ्या सोमवारच्या. प्रत्येक तारखेपुढे तेच: 'उघडली ११:४० ते १२:१०. नाही.' पुढच्या सोमवारी पुन्हा, 'उघडली. नाही.' सात वर्षांचे सोमवार. खाली सरकवता सरकवता माझा अंगठा दुखायला लागला. मध्येच एक ओळ वेगळी होती: 'स्वतःचं नाव घालून गेलो. भिंत.' मग पुन्हा 'नाही'.

सात वर्षं हा माणूस कसली चाचणी करत होता, देव जाणे. 'का' तेवढं कुठेही नव्हतं. मला राग आला. अशा पसाऱ्याने माझ्या अंगावर काटा येतो, भुताखेतांनी नाही. शनिवारी निघता निघता मी त्या यादीखाली माझी एक कॉमेंट ठोकून दिली: 'का झाकलं आहे ते लिहिलेलं नाही. विचारून पुसणे.' आणि घरी गेले.

२

आईला दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं. तिला ते मान्य नाही. तिच्या मते जगच पुटपुटायला लागलं आहे. घरातला टीव्ही शेजारी त्यांच्या घरात बसून ऐकतात. मी कितीदा तरी तपासणीचं काढलं आणि तिने कितीदा तरी कानावर हात ठेवले. अखेर मागच्या आठवड्यात ती तयार झाली, पण दोन अटींवर. माझ्याकडच्या त्याच दवाखान्याची वेळ ती स्वतः फोनवर साइट उघडून नोंदवणार आणि जाणारही एकटी. मी म्हटलं ठीक आहे, निदान जाते तरी आहे.

सोमवारी सकाळी मी किल्ल्या शोधत होते. आई चहाचा कप धरून ऐटीत बसली होती.

"मिळाली मला वेळ," ती म्हणाली. "आजचीच."

"आजची? तिथे तीन आठवडे जागा नाही. मीच पाहिलंय."

"तुला पाहता येत नाही. अकरा चाळीस. चार नंबरची खोली. अख्खा दिवस ती एकटीच मोकळी होती. खाली बाणसुद्धा दाखवला होता, इकडे या म्हणून."

किल्ल्या फ्रिजवर सापडल्या. "सांभाळून जा," मी दारातून ओरडले.

"ओरडतेस कशाला, ऐकू येतंय मला."

मी "बरं" म्हणाले आणि निघाले. सबंध बोलण्यातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्या 'बरं'बद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

३

ऑफिसात माझ्या शेजारी बसतो त्याला आम्ही वकील म्हणतो. शिकला आहे संगणक, पण पंखा एकवर ठेवायचा की दोनवर यावरही तो दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करतो.

पावणेबाराला मी दवाखान्याची सुट्टीची सूचना बदलायला वेळांचं पान उघडलं. तळाशी एक बारीकसा बाण दिसत होता. दोन आडव्या रेघा आणि टोक. बाहेरच्या माणसाला तो चुकून राहिलेला ठिपका वाटेल. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, तो बाण म्हणजे कॉमेंट बंद करायची खूण, आणि ती पानावर दिसतेय म्हणजे कुठलं तरी झाकण निघालं आहे.

बाणाच्या वर खोली एक, दोन, तीन. आणि त्यांच्याखाली, इतरांपेक्षा जुनाट अक्षरांत, 'खोली चार. ११:४०. आरक्षित.'

चूक माझीच होती आणि ती फक्त आम्हीच करू शकतो अशी होती. मी माझी कॉमेंट झाकलेल्या भागाच्या आत लिहिली होती. माझ्या बोटांना सवय आहे, एक कळ दाबली की सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही खुणा आपोआप उमटतात. पण झाकणात झाकण चालत नाही. बंद करायची पहिली खूण भेटली की यंत्र समजतं, संपलं. म्हणजे सरांची यादी झाकलेलीच राहिली, माझी तक्रार झाकलेली राहिली, आणि त्यानंतरचं सगळं, ती खोली, शनिवारपासून उघड्यावर पडली होती.

"पहिल्या वर्षाची मुलं करतात हे," वकील माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला.

मी काहीतरी झणझणीत बोलणार होते. तेवढ्यात सकाळचा चहाचा कप डोळ्यांपुढे आला. चार नंबरची खोली. खाली बाणसुद्धा.

मी दवाखान्यात फोन लावला. काउंटरवरच्या मुलीने उचलला.

"माझी आई आली होती का गं? अकरा चाळीसला. हातात लाल छत्री."

"हो, आल्या ना. मेसेज दाखवला मला. पण यादीत नाव सापडेना, म्हणून बसा म्हटलं. त्या म्हणाल्या, मला कळलंय कुठे जायचं, आणि गेल्या पॅसेजमध्ये."

"चार नंबरच्या खोलीत?"

"मॅडम, आपल्याकडे तीनच खोल्या आहेत."

"मग ती आहे कुठे?"

"तेच बघतेय मी," ती म्हणाली. "तिन्ही खोल्यांत पेशंट आहेत, माझ्याकडचेच. पॅसेज पुढे बंद आहे. आणि परत आलेल्या मला दिसल्या नाहीत."

आईचा फोन लावला, वाजत राहिला. अर्थात, तिला तो शेजारी वाजला तरी ऐकू येत नाही. मी पर्स उचलली. "हे झाकून टाक," मी वकिलाला म्हटलं, "मी आलेच." दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. आई कुठल्या तरी सामानाच्या खोलीत जाऊन बसली असणार आणि तिथल्या माणसालाच दटावत असणार, असं मी वाटभर स्वतःला सांगत होते. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की मी पळतेय.

४

कानाच्या दवाखान्यातला पॅसेज तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. खाली जाड गालिचा, भिंतींना कापडाचं अस्तर. तपासणीच्या खोल्यांत बाहेरचा आवाज जाऊ नये म्हणून सगळी तजवीज. दारं वीतभर जाड, कडेला काळं रबर. आत पेशंट कानाला हेडफोन लावून बसतो, हातात एक बटण. बारीक सूर ऐकू आला की बटण दाबायचं. त्या पॅसेजमध्ये आपल्या पावलांचा आवाज आपल्यालाच येत नाही.

एक, दोन, तीन. तिन्ही दारांवर लाल दिवे. तिसऱ्याच्या पुढे पॅसेज आणखी पाचेक पावलं जात होता आणि संपत होता. साधी भिंत, फिका पिवळट रंग.

भिंतीला आईची लाल छत्री टेकवून ठेवलेली होती.

छत्रीच्या वर, साधारण डोळ्यांच्या उंचीला, एक बारीक बाण होता. वरून काढल्यासारखा दिसत नव्हता, रंगाच्या खालून उमटल्यासारखा वाटत होता. मी तळवा लावून पाहिला. भिंत गार होती आणि भिंतच होती.

मी कान लावला.

टक. टक. टक.

बटणाचा आवाज. साइट ताब्यात घेताना सरांनी मला खोल्या दाखवल्या होत्या, त्यामुळे तो मी ओळखला. एका लयीत, न थकता, कुणीतरी दाबत होतं. आईची ती लय नव्हे. तिला स्वयंपाकघरातला कुकर ऐकू येत नाही, तिला इतके सूर कुठून ऐकू यायला? मी तिचा नंबर पुन्हा लावला. भिंतीच्या आत, दुलईखालून यावी तशी, तिच्या फोनची घंटी वाजली. टक टक थांबली नाही.

म्हणजे आत दोन माणसं होती.

तेव्हा मला ती यादी आठवली. उघडली. नाही. उघडली. नाही. चाचणी नव्हतीच ती. दर सोमवारी अर्धा तास तो माणूस दार उघडून कुणाची तरी वाट पाहत होता. एकदा स्वतःच्या नावाने वेळ घेऊन आत जायला गेला तर समोर भिंतच; ती खोली बहुतेक खऱ्या पेशंटलाच आत घेत असावी. सात वर्षांपूर्वी कधीतरी त्याने, माझ्यासारखंच, एक नको असलेली खोली झाकली होती. आणि झाकलेला भाग जातो कुठे? कुठेच जात नाही. जागच्या जागी राहतो, फक्त दिसेनासा होतो. नव्या माणसांना हे मीच पंधरा वर्षं शिकवत आले आहे.

आणि मी वकिलाला काय सांगून आले होते, तेही मला तेव्हाच आठवलं.

मी त्याचा नंबर लावला.

"झालंच," वकील म्हणाला. "बदल साइटवर चढतोय."

"थांबव."

"अगं, एका ओळीचं काम आहे, दोन सेकंदांत…"

"थांबव. का ते विचारू नकोस. आजचा एक दिवस नको विचारूस."

कळा वाजल्याचा आवाज आला. मी छत्री मुठीत धरून उभी होते.

"थांबवलं," तो म्हणाला. "उघडंच आहे. पानावर दिसतंय मला. तसंच ठेवू?"

"तसंच ठेव. मी सांगेपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नकोस."

"बरं," म्हणाला. वकिलाने वाद न घालता मान्य केलेली ही पहिली गोष्ट.

५

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी भिंतीवर थापा मारल्या. 'आई' म्हणून हाका मारल्या. त्या अस्तराने माझा आवाज तोंडापाशीच खाऊन टाकला. आयुष्यभर जिने मला हाकेसरशी ओ दिली, ती हाताच्या अंतरावर होती आणि तिला ऐकू येत नव्हतं. मला रडू यायला लागलं, ते मी थांबवलंही नाही.

काउंटरवरची मुलगी पॅसेजच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तिला आत यायचं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. तिने काहीतरी विचारलं, मी ऐकायला मान वळवली. माझ्या पाठीमागची टक टक थांबली.

"कसली मेली तपासणी," आई म्हणाली.

मी वळले. आई समोर उभी होती, पर्स काखेत, केस हेडफोनने चपटे झालेले. तिच्या मागे मला काय दिसलं ते सांगते, त्यापेक्षा जास्त सांगता येणार नाही. जाड दाराची कड. काळं रबर. आत पिवळा दिवा. आईने मागे हात नेला, खट झालं, दिवा विझला. मग भिंत होती.

मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "अगं, छत्री मोडेल."

"काय झालं आत?"

"काय व्हायचंय? पाटी होती, ऐकू आलं की बटण दाबा. बसले. एकदा काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं, दाबलं. पुढे ठणठणीत शांतता. किती वेळ बसायचं माणसाने? आणि ही बाई माझ्या आधीपासून बसलेली, आपलं सारखं दाबतेय, दाबतेय. म्हटलं, अहो, उठा आता, संपलंय. माझ्याकडे बघेचना. शेवटी मीच तिच्या कानावरचं काढून ठेवलं."

तेव्हा मला आईच्या बाजूला उभी असलेली बाई दिसली. निळा स्वेटर. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दमलेली, पण घाबरलेली नाही, रांगेत खूप वेळ उभं राहिलेल्या माणसासारखी. ती काउंटरपाशी गेली आणि तिने स्वतःची फाइल मागितली. मुलीने शोधली, सापडली नाही.

"राहू दे मग," ती म्हणाली. "पुन्हा येईन. खाली हे थांबलेत माझे."

तिने काउंटरवर ठेवलेली पर्स उचलायला उजवा हात पुढे केला आणि मला तिचा अंगठा दिसला. टोक पांढरं, सपाट. त्यावर रेषा नव्हत्या. खूप वापरून गुळगुळीत झालेल्या साबणासारखा होता तो.

ती जिना उतरून गेली. तिला थांबवायला हवं होतं का, माहीत नाही. माझ्या हातात आईचा हात होता आणि मला तो सोडायचा नव्हता.

६

आईला बाकावर बसवून मी जुन्या सरांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"सर, चौथी खोली माझ्याकडून उघडी राहिली. चुकून. शनिवारपासून."

"कुणी गेलं का आत?" आवाज एकदम खाली आला.

"आई गेली होती. आली बाहेर. बरी आहे."

त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. "बरं झालं," ते म्हणाले. "फार बरं झालं हो." स्वतःसाठी त्यांनी काही विचारलं नाही. मला वाटतं, त्यांची ती सवयच मोडली होती.

"सर, ती एकटी नाही आली."

मग मी स्वेटर सांगितला, चष्मा सांगितला, दोरा सांगितला.

"तो मीच बांधलाय," ते म्हणाले. "त्या दिवशी सकाळी."

"म्हणाल्या, खाली हे थांबलेत."

"थांबलोच होतो. मला वाटलं, झालं असेल तिचं, गेली असेल पुढे. फोनवरून खोली बंद करून टाकली. वापरातच नव्हती ती खोली, कुणीतरी तिला तिथे पाठवलंय हे मला…" ते थांबले. "आता खाली कुणीच नाही तिथे."

"घर बदललंत?"

"नाही. म्हणून तर बदललं नाही."

"चालत किती लांब आहे?"

"वीस मिनिटं. ती भरभर चालते."

फोन आम्ही दोघांनीही ठेवला नाही. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, आईंचा कुठला कान जास्त खराब आहे. मी म्हटलं डावा. आई शेजारी बसून छत्रीची घडी नीट करत होती. सतरा मिनिटं झाली, अठरा झाली. मी मनातल्या मनात त्या बाईला रस्ते ओलांडून देत होते.

दारावरची घंटी मला फोनमधून ऐकू आली. खुर्ची मागे सरकली. पावलं. कडी काढायला त्यांना वेळ लागला.

मग एका बाईचा आवाज, जरा चिडलेला. "खाली थांबतो म्हणाला होतात ना?"

मी फोन बंद केला. माझा जीव भांड्यात पडला, आणि तो आधी इतका वर होता हे मला तेव्हा कळलं. आई म्हणाली, रडतेस कशाला, मी आले ना बाहेर. मी म्हटलं, हो.

७

संध्याकाळी घरी बसून मी तो भाग झाकला. आधी आईला विचारून घेतलं.

"आत खुर्च्या किती होत्या?"

"दोन."

"नक्की दोनच?"

"दोनच. उठताना बघून घेतलं मी, काही विसरायला नको म्हणून. आणि दिवा मालवला. कोण बिल भरणार?"

वकिलाचा मेसेज आला होता, 'आता विचारू का?' मी उत्तर दिलं, 'उद्या.' मग माझी शनिवारची कॉमेंट पुसून यादीच्या शेवटच्या 'नाही'खाली, या वेळी मध्येच कुठलीही खूण न घालता, लिहायला बसले. सरांवर चिडले होते ते आठवलं. 'का' लिहायला घेतलं तेव्हा समजलं की त्यांनी ते का लिहिलं नसेल. तरीही लिहिलं. मागून येणारं माणूस माझ्यासारखंच घाईत आणि रागात असणार.

'खोली चार. आत दोन खुर्च्या होत्या. दोघी बाहेर आल्या. आता आत कुणी नाही. झाकली आहे ती पुन्हा कुणी जाऊन बसू नये म्हणून. उघडायची वेळ आलीच तर बंद करण्याआधी आत बघणे.'

आई चष्मा लावून मागे उभी राहिली आणि ओठ हलवत सगळं वाचलं.

"बाहेर कुणी काढलं ते नाही लिहिलंस," ती म्हणाली.

मी एक ओळ वाढवली. 'आईने काढलं. दिवा तिनेच मालवला.' आईने पुन्हा वाचलं आणि मान डोलावली. पुढच्या महिन्यात तिची दोन नंबरच्या खोलीत तपासणी आहे. मी बाहेर बसणार आहे आणि उठणार नाही, असं तिला कबूल केलं आहे.

मग मी बंद करायची खूण घातली, एकदाच. काम वर चढवलं. पान उघडलं आणि खाली, अगदी तळापर्यंत गेले. खोली एक, दोन, तीन. त्याखाली दवाखान्याचा पत्ता. बाण नव्हता.